‘ने’ आणि ‘ला’ : शब्दांतून अक्षरांकडे जाणारा धडा

(अभ्यास-लेख)



सुटीच्या दिवसांत वस्तीवरील संध्याकाळच्या अभ्यासिकेत शिकवायला येण्याची इच्छा मंडळीतील काही तरुणांनी कळविली आहे. त्यांचे मनापासून स्वागत. गाणी, चित्रकला, इंग्रजी वाचन यांसाठी मदतीचे हात नेहमीच मिळतात. गणित म्हटले, त्यातही बीजगणित म्हटले, की बहुतेक जण “ताई, ते तेवढे दुसऱ्या कोणाला सांगा” म्हणतात. म्हणून या अंकाच्या अभ्यास-लेखासाठी बीजगणिताचा अगदी पहिला धडा घेतला आहे : शब्दांत सांगितलेली गोष्ट अक्षरे आणि चिन्हे वापरून कशी मांडायची, आणि चिन्हांत मांडलेले पुन्हा शब्दांत कसे सांगायचे.

सहावी-सातवीच्या वर्गात समीकरणे आणि बैजिक राशी येतात. बेरीज-वजाबाकी झटपट करणारी आमची मुले नेमकी येथे अडतात आणि मग “गणित आपल्याला जमत नाही” असे धरून चालतात. ती का अडतात हे समजायला मला बराच काळ लागला. जे समजले ते येथे सांगत आहे. वही-पेन्सिल जवळ घेऊन वाचावे ही विनंती.

एका मुलाची चूक

अभ्यासिकेत सातवीतला एक मुलगा येत असे. पारधी कुटुंबातला, हिशेबाला तल्लख. किराणा दुकानातून परत येताना सुटे पैसे तो चालता चालता मोजी. एकदा मी फळ्यावर लिहिले, “क्षला १२ ने भागा.” (पुस्तकात इंग्रजी एक्स असतो. आपण येथे ‘क्ष’ घेऊ.) त्याने लिहिले : १२/क्ष. मी खोडून क्ष/१२ केले. दुसऱ्या दिवशी “क्षला ५ ने भागा” दिले. त्याने ५/क्ष लिहिले. असे चार-पाच वेळा झाले. मी त्याला “नीट वाचत जा” म्हणून रागावले. त्याने मान खाली घातली, आणि दोन दिवस तो आलाच नाही.

त्याला बोलवायला मी घरी गेले. आजी अंगणात बसली होती आणि नातवाला काही सांगत होती. त्यांची बोली गुजरातीशी नाते सांगणारी आहे. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की आजी ज्या ठिकाणी ‘ने’ म्हणते, त्या ठिकाणी मी ‘ला’ म्हटले असते. गुजरातीतही असेच आहे. गुजराती माणूस ‘रामने आप्युं’ म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘रामला दिले’ असा होतो. आपण मराठीत ‘रामने दिले’ म्हणतो, तेव्हा देणारा राम असतो. एकच ‘ने’, पण एका भाषेत घेणाऱ्याला लागतो आणि दुसऱ्या भाषेत देणाऱ्याला.

आता फळ्यावरचे वाक्य त्या मुलाच्या कानाने ऐका. “१२ ने भागा” म्हणजे त्याच्या घरच्या बोलीत १२ ला भागा. मग १२ वर जाणार आणि क्ष खाली. मुलाने नीटच वाचले होते, फक्त घरच्या कानाने. ज्या चुकीसाठी मी त्याला रागावले, ती खरे तर भाषांतराची चूक होती, आणि तो एकाच वेळी दोन भाषांतरे करीत आहे हे मला ठाऊकच नव्हते : घरच्या बोलीतून पुस्तकी मराठीत आणि पुस्तकी मराठीतून चिन्हांत.

अक्षर म्हणजे ‘जितके तितके’

अगदी आरंभापासून सुरुवात करू. मुलांचा पहिला प्रश्न असतो, “ताई, गणितात अक्षर कशाला?”

सांगोल्यात याचे उत्तर डाळिंबाच्या क्रेटमध्ये सापडते. डाळिंब येथील मोठे पीक आहे. २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली, हे पुष्कळांना आठवत असेल. समजा, एका क्रेटमध्ये किती किलो डाळिंबे आहेत हे अजून तोललेले नाही. तरीही आपण बोलू शकतो : “जितके किलो असतील, तितक्यात रिकाम्या क्रेटचे दोन किलो मिळवा, म्हणजे काट्यावरचे वजन.” त्या ‘जितके’च्या जागी ‘क्ष’ लिहिला की झाले : क्ष + २. शेतकरी काट्यावर रिकाम्या क्रेटचा धडा करून घेतो, तेव्हा तो हेच २ वजा करीत असतो.

आपल्याकडील जुन्या गणितज्ञांनी अज्ञात संख्येला नावच ‘यावत्तावत्’ दिले होते. त्याचा अर्थ ‘जितके तितके’. भास्कराचार्यांनी (जन्म १११४) १२ व्या शतकाच्या मध्यावर ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ लिहिले. त्यांच्या पद्धतीत अज्ञात संख्येसाठी ‘यावत्तावत्’मधील ‘या’ लिहीत आणि ज्ञात संख्येसाठी ‘रूप’ शब्दातील ‘रू’. आज आपण ३क्ष + ५ लिहितो, ते ‘या ३ रू ५’ असे लिहिले जाई. अज्ञात संख्या एकाहून अधिक असल्या तर रंगांची नावे घेत : कालक, नीलक, पीतक, आणि त्यांची पहिली अक्षरे : का, नी, पी. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव यांनी मठ स्थापला. त्याचा १२०७ च्या सुमाराचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे, आणि त्या लेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. म्हणजे अक्षरांनी गणित करणे ही परक्यांकडून उसनी आणलेली गोष्ट नाही, हे मुलांना जरूर सांगावे. देवनागरी अक्षरे हे काम आठशे वर्षांपूर्वीही करीत होती.

युरोपातही माणसांनी आधी सगळे शब्दांतच लिहिले. बरोबरीचे ‘=’ हे चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांच्या पुस्तकात प्रथम छापले गेले. ज्ञात आणि अज्ञात अशा दोन्हींसाठी अक्षरे वापरण्याची पद्धत व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने १५९१ मध्ये मांडली. इतक्या विद्वानांना शब्दांकडून चिन्हांकडे यायला शतके लागली, तर आपल्या मुलांना दोन महिने लागले म्हणून अधीर होऊ नये.

एक सावधगिरी. क्ष म्हणजे क्रेट नव्हे, क्ष म्हणजे डाळिंबही नव्हे. क्ष म्हणजे किलोंची संख्या. हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवावे. त्याची गरज पुढे पडेल.

दुसरी गोष्ट, ३क्ष म्हणजे ३ गुणिले क्ष. मध्ये चिन्ह नसल्याने, क्ष = ५ सांगितले की काही मुले ३क्षच्या जागी ३५ लिहितात. त्यांना स्थानिक किंमत शिकवलेली असते, त्यामुळे शेजारी ठेवले की दशक-एकक होते असे त्यांना वाटते. पहिले काही दिवस ३ × क्ष असे पूर्ण लिहू द्यावे. सवय झाल्यावर चिन्ह गाळावे.

आपली मराठी आधीच बीजगणित बोलते

“बीजगणिताची भाषा मला येत नाही” म्हणणाऱ्या मुलाला मी आकडे म्हणायला लावते. एकोणतीस म्हणजे काय? तिसाला एक उणा : ३० − १. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत. म्हणजे वजाबाकी शब्दाच्या पोटात बसली आहे.

मग घड्याळ आणि बाजार. सव्वापाच म्हणजे ५ + १/४. साडेपाच म्हणजे ५ + १/२. पावणेपाच म्हणजे ५ − १/४. येथे ५ च्या जागी दुसऱ्या संख्याही येतात, म्हणून ‘साडे’ म्हणजे क्ष + १/२ आणि ‘पावणे’ म्हणजे क्ष − १/४. मुले हे ऐकून हसतात, कारण ते त्यांना पहिल्यापासून येत असते.

आता एक पायरी वर. साडेतीनशे म्हणजे किती? ३५०. पण मघाचा नियम नुसता लावला तर ३०० + १/२ होईल. मग ३५० कसे आले? कारण ‘साडे’ने आधी तीनला धरले आणि मग दोघांनी मिळून शंभराला : (३ + १/२) × १००. तसेच पावणेदोनशे म्हणजे (२ − १/४) × १०० = १७५. जो मुलगा बाजारात पावणेदोनशे रुपये बरोबर मोजून देतो, त्याला कंस येतो. फक्त त्या गोष्टीला कंस म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

शेपूट वाचा

आता मुख्य गोष्ट. मी ईश्वरविज्ञानाची पदविका घेत असताना आम्हाला थोडीशी ग्रीक शिकवली. तेथे पहिल्याच आठवड्यात कळले की ग्रीक वाक्यात शब्द कोठेही बसू शकतो. कर्ता कोण आणि कर्म कोणते हे शब्दाच्या जागेवरून ठरत नाही, शब्दाच्या शेपटावरून ठरते. पुष्कळ वर्षांनी वस्तीवर बीजगणित शिकवताना उमगले की आपली मराठीही बरीचशी तशीच आहे. ‘क्षला ७ ने भागा’ आणि ‘७ ने क्षला भागा’ या दोन वाक्यांचा क्रम उलटा आहे, पण अर्थ एक. ‘क्षने ७ ला भागा’ यात क्ष पुन्हा आधी आला, तरी अर्थ पालटला. जो मुलगा शब्द दिसतील तसे डावीकडून उजवीकडे लिहीत जातो तो फसणार. जो प्रत्यय वाचतो तो तरणार.

पुढील जोड्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात आणि प्रत्ययाखाली रेघ मारायला सांगावे :

– क्षमध्ये ७ मिळवा : क्ष + ७
– क्षमधून ७ वजा करा : क्ष − ७
– ७ मधून क्ष वजा करा : ७ − क्ष
– क्षपेक्षा ७ ने कमी असलेली संख्या : क्ष − ७
– ७ पेक्षा क्षने कमी असलेली संख्या : ७ − क्ष
– क्षला ७ ने भागा : क्ष/७
– क्षने ७ ला भागा : ७/क्ष
– क्षची तिप्पट आणि ७ यांची बेरीज : ३क्ष + ७
– क्ष आणि ७ यांच्या बेरजेची तिप्पट : ३(क्ष + ७)

शेवटच्या दोन ओळींवर थोडे थांबावे. ‘यांच्या’ हा शब्द कंसाचे काम करतो. क्ष आणि ७ यांना त्याने एका पिशवीत घातले आणि मग पिशवीची तिप्पट केली. आधीच्या ओळीत तिप्पट फक्त क्षची झाली, ७ बाहेरच राहिले.

‘ने’ किती महत्त्वाचा आहे हे आणखी एका जोडीत दिसते. ‘क्षपेक्षा ७ ने कमी’ ही एक संख्या झाली : क्ष − ७. पण ‘क्ष ७ पेक्षा कमी आहे’ हे विधान झाले : क्ष < ७. पहिल्यात किती कमी ते सांगितले आहे, दुसऱ्यात नुसते कमी आहे एवढेच. प्रत्यय गेला आणि वजाबाकीही गेली.

बरोबर लिहिले की नाही हे तपासायची एक साधी रीत आहे. क्षच्या जागी एक सोपी संख्या, समजा १०, घ्यावी आणि शब्दांतले वाक्य त्या संख्येने बोलून पाहावे. “७ पेक्षा क्षने कमी” हे १० घेतले तर “७ पेक्षा १० ने कमी”, म्हणजे शून्याच्या खाली जायला हवे. मुलाने क्ष − ७ लिहिले असेल तर उत्तर ३ येईल, आणि चूक त्याची त्यालाच दिसेल. आपण लाल पेन काढायची गरज राहत नाही.

माझी स्वतःची एक चूक

पहिली दोन वर्षे मी एक सोपी युक्ती शिकवीत होते : ‘एकूण’ दिसले की बेरीज, ‘कमी’ दिसले की वजाबाकी, ‘पट’ दिसले की गुणाकार. मुलांना ती फार आवडली, कारण वाक्य वाचावेच लागत नाही. मग चाचणीत हा प्रश्न आला :

“आईकडे ४० रुपये आहेत. हे मुलीकडच्या रुपयांपेक्षा १५ ने कमी आहेत. मुलीकडे किती?”

जवळजवळ सगळ्यांनी ‘कमी’ पाहिले आणि ४० मधून १५ वजा केले. उत्तर आले २५. आता वाक्य पुन्हा वाचा. कमी आईकडे आहेत. मुलीकडचे रुपये क्ष मानले तर क्ष − १५ = ४०, म्हणून क्ष = ५५. ज्यांनी चूक केली त्यांनी मी शिकवले तसेच केले होते. तेव्हापासून ती युक्ती मी सोडली. नव्या स्वयंसेवकांनाही विनंती आहे की ती शिकवू नये. आधी “कोणाकडे जास्त?” एवढेच विचारावे. त्याचे उत्तर मिळाल्यावरच चिन्हाला हात लावावा.

मेंढ्या आणि मेंढपाळ

आपल्या माणदेशी माळावर मेंढ्यांचे कळप रोज दिसतात. समजा, एका मेंढपाळामागे ५० मेंढ्या आहेत. मेंढ्यांची संख्या म आणि मेंढपाळांची संख्या प मानून हे समीकरणात लिहा. पुढे वाचण्याआधी स्वतः लिहून पाहा.

पुष्कळ जण ५०म = प असे लिहितात. पन्नास मेंढ्या, एक मेंढपाळ, वाक्यात दिसते तसेच. आता दोन मेंढपाळ घ्या. मेंढ्या १०० हव्यात. पण ५० × १०० म्हणजे ५,०००, आणि ते २ च्या बरोबरीचे कसे होईल? योग्य समीकरण म = ५०प. मेंढ्यांची संख्या मोठी आहे. लहान संख्येला ५० ने गुणले तरच ती मोठीच्या बरोबर येईल.

ही चूक तुमच्याकडून झाली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना याच प्रकारचा प्रश्न घातला होता : एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. ३७ टक्के विद्यार्थ्यांनी चुकीचे समीकरण लिहिले, आणि बहुतेकांनी ते असेच उलटे लिहिले. अशा चुकीचे एक कारण असे : म हे अक्षर ‘मेंढी’ म्हणून वाचले जाते, ‘मेंढ्यांची संख्या’ म्हणून वाचले जात नाही. मघाशी फळ्यावर लिहून ठेवायला सांगितलेले वाक्य यासाठी होते.

उलटा प्रवास

चिन्हांकडून शब्दांकडे येणे बहुतेक वर्गांत होतच नाही, आणि तेथेच खरी परीक्षा असते. फळ्यावर २क्ष + ५ आणि २(क्ष + ५) लिहावे आणि मुलांना दोन गोष्टी सांगायला लावाव्यात. आमच्याकडच्या एका मुलीने सांगितले : “दोन पिशव्यांत क्ष-क्ष बोरे आणि हातात पाच, ही पहिली गोष्ट. प्रत्येक पिशवीत पाच-पाच बोरे आणखी टाकली, ही दुसरी.” याहून चांगले स्पष्टीकरण मला देता आले नसते.

ही गोष्ट मुलांनी आधी त्यांच्या बोलीत सांगावी असा माझा आता आग्रह असतो. क्रम असा ठेवतो : प्रथम खडे किंवा चिंचोके मांडायचे, मग तेच घरच्या बोलीत सांगायचे, मग पुस्तकी मराठीत, आणि शेवटी चिन्हांत. ज्या मुलाचा ‘ने’ आणि ‘ला’ चा घोळ होत होता, त्याने दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये स्वतःच एक तक्ता केला : “आमचा ने म्हणजे पुस्तकाचा ला.” तो तक्ता अजून भिंतीवर आहे. त्यानंतर त्याचा भागाकार उलटा झालेला मी क्वचितच पाहिला.

आपल्या ख्रिस्ती परंपरेला भाषांतराचे मोल नव्याने सांगायला नको. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. त्या १९२२ मध्ये प्रभूकडे गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. शिक्षण न मिळालेल्या स्त्रियांनाही समजेल अशी साधी मराठी त्यांना हवी होती. ऐकणारी कोण आहे, हे त्यांनी आधी पाहिले. अभ्यासिकेत गणिताचे वाक्य फळ्यावर लिहिण्याआधी आपणही तेवढे पाहावे.

मुकादमाची वही

हे सर्व कशासाठी, असे कोणी विचारील. परीक्षेतील चार गुणांपुरते असते तर मी इतकी पाने घेतली नसती.

वस्तीवरील काही कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीला जातात. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतात आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फेडतात. कामाला दांडी पडली तर खाडा लागतो. एका हंगामानंतर आठवीतली एक मुलगी वडिलांबरोबर हिशेबाला बसली. वडिलांना वाचता येत नाही. आकडे येथे गोल करून देते. उचल ६०,००० रुपये, खाडा २,००० रुपये, जोडीचा दर टनाला ३५० रुपये, तोडलेला ऊस १६० टन. मुकादम म्हणाला, “खाडा धरून बासष्ट हजार, वर खाडा दोन हजार. छप्पन्न हजार फिटले. आठ हजार बाकी.”

ओळीने ऐकले तर सगळे बरोबर वाटते. वडिलांनी मान डोलावली. मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहिले :

बाकी = उचल + खाडा − दर × टन

मग आकडे घातले : ६०,००० + २,००० − ३५० × १६० = ६२,००० − ५६,००० = ६,०००. तिने विचारले, “मामा, ‘धरून’ म्हटल्यावर खाडा आत आला ना? मग पुन्हा वर का?” ‘धरून’ आणि ‘सोडून’ हे दोन शब्द आम्ही त्याच महिन्यात अभ्यासिकेत घेतले होते. मुकादमाने वही दोनदा पाहिली, काही न बोलता दोन हजार खोडले आणि सहा हजार लिहिले. तो मुद्दाम करीत होता की चुकून झाले, हे मला सांगता येणार नाही.

सहा हजार तरीही राहिलेच, आणि ते कुटुंब पुढच्या हंगामात पुन्हा जाणार आहे. एका समीकरणाने उचल फिटत नाही. पण त्या मुलीने नंतर आणखी एक प्रश्न स्वतःहून सोडवला : सगळी उचल फिटायला किती टन तोडावे लागले असते? टनांची संख्या ट मानली तर ३५०ट = ६२,०००, म्हणून ट साधारण १७७. म्हणजे आणखी १७ टन आणि वर थोडे. पुढच्या वेळी उचल घेण्याआधीच हे मांडून बघू, असे ती वडिलांना म्हणाली. बीजगणिताचा खरा उपयोग येथे आहे. जे अजून घडलेले नाही, त्याचा हिशेब आधी मांडता येतो.

सरावासाठी

शिकवायला येणाऱ्यांनी हे प्रश्न आधी स्वतः सोडवावेत.

१. एका क्रेटमध्ये क्ष किलो डाळिंबे आहेत. रिकाम्या क्रेटचे वजन २ किलो. अशा ५ भरलेल्या क्रेटचे एकूण वजन किती?
२. मुलीचे वय क्ष वर्षे. आईचे वय मुलीच्या वयाच्या तिपटीपेक्षा ४ ने कमी. आईचे वय किती?
३. १०० रुपये क्ष मुलांत सारखे वाटले. प्रत्येकाला किती?
४. क्ष रुपयांतून १५ रुपयांच्या ४ वह्या आणल्या. किती उरले?
५. आईकडे क्ष रुपये आहेत. हे काकूकडच्या रुपयांपेक्षा १५ ने कमी आहेत. काकूकडे किती?
६. एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांची संख्या व, शिक्षकांची संख्या श. समीकरण लिहा.
७. पावणेचारशे ही संख्या कंस वापरून लिहा.
८. ३(क्ष − २) यासाठी घरातली एक गोष्ट सांगा.

उत्तरे : (१) ५(क्ष + २). (२) ३क्ष − ४. (३) १००/क्ष. (४) क्ष − ६०. (५) क्ष + १५. (६) व = ३०श. (७) (४ − १/४) × १०० = ३७५. (८) उदाहरणार्थ, तीन टोपल्यांत प्रत्येकी क्ष भाकरी होत्या, प्रत्येक टोपलीतून दोन काढल्या, तर एकूण किती राहिल्या?

पाचव्या प्रश्नात तुम्ही क्ष − १५ लिहिले असेल तर मघाचा आईचा आणि मुलीचा प्रश्न पुन्हा वाचा.

येणाऱ्यांनी खडू आणण्याची गरज नाही, तो आमच्याकडे आहे. मूठभर चिंचोके मात्र घेऊन या. पहिला दिवस शिकवण्यात घालवू नका. मुलांच्या घरी जाऊन बसा आणि त्यांची आजी कशी बोलते ते ऐका. वस्तीवरील मुलांसाठी आणि ऊसतोडीला गेलेल्या त्यांच्या आईबापांसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा.

आपली बहीण व सेविका,
सांगोला